मुख्य दाराला बर्मा साग हवाच का?

गोदाकाठ:
नाशकात गंगापूर रोडला भावाच्या फ्लॅटचं काम चालू आहे. ठेकेदार म्हणतो, चौकट बर्मा सागाचीच, म्हणजे म्यानमारहून येणाऱ्या सागाचीच करा. मी नको म्हटलं आणि घरात वाद पेटला. जंगलात मुळातून उगवणारा साग जगात चारच देशांत आहे: भारत, म्यानमार, लाओस आणि थायलंड. २०२२ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने त्याला धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' ठरवलं. म्यानमारने २०१४ मध्ये गोल लाकडाची निर्यात थांबवली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. तरी धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशीच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत साग नाहीच. शिसव-शिसमाचं अख्खं गणगोत मात्र जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे निर्यातीला परवाना लागतो. सागालाही तिथे बसवा, आणि तोवर बर्मा साग घेऊ नका, असं माझं मत.

वखारवाला:
दादा, एकदा वखारीत येऊन बघा. गिऱ्हाईक 'बर्मा' मागतं आणि भाव ऐकून घाना घेऊन जातं. घाना, इक्वाडोर, कोस्टारिका इथला साग लावलेला आहे, तिथलं ते मूळ झाडच नाही. लाल यादीतला शेरा रानातल्या सागापुरता. लागवडीचा साग कुठे संपतोय? शिसमाचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. शिसम रस्त्याकडेला लावतात, धोक्यातबिक्यात नाही. पण सगळ्या भावकीबरोबर यादीत गेला आणि सहारनपूरच्या कारागिरांच्या मागे कागद लागले. शेवटी २०२२ मध्ये सायटीसच्या पनामातल्या बैठकीत दहा किलोपेक्षा कमी लाकडाच्या नगाला सूट असल्याचं स्पष्ट झालं. पाच वर्षं त्यांनी काय खायचं?

गोदाकाठ:
अख्खं गणगोत का घातलं, तेही सांगा की. चीनमध्ये शिसवासारख्या लाल लाकडाच्या फर्निचरला मागणी वाढली, आणि रंधा मारलेली फळी कुठल्या जातीची हे बंदरावरच्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सागाचंही तेच. रानातला कुठला, लावलेला कुठला, हे फळीवर लिहिलेलं नसतं. तुमच्याकडच्या 'घाना'त काय काय येतं, छातीठोक सांगाल?

वखारवाला:
बिलावर जे असतं ते सांगतो. त्यापुढे मी पोलीस नाही.

सुरगाणेकर:
शहरातल्या लोकांचं हे ठीक आहे. आमच्या बांधावर वडिलांनी लावलेला साग. बहिणीच्या लग्नाला तोडायचा ठरला. १९६४ च्या झाडतोड कायद्यात साग आहे, आंबा, जांभूळ, मोहदेखील आहे. सातबारा काढा, झाडं मोजून घ्या, वनखात्याचे साहेब पाहणीला यायची वाट बघा, लाकडावर त्यांच्या हातोड्याची खूण, मग टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना. लग्नाची तारीख थांबत नाही. व्यापारी म्हणाला 'कागद माझ्यावर सोडा' आणि निम्म्या भावात झाडं घेऊन गेला. चोरट्या पिकअपला कुठली आली टीपी? कायदा पाळणाऱ्यालाच सगळा ताप.

गोदाकाठ:
भाऊ, हे मान्य. पण सायटीस देशाबाहेर जाणाऱ्या मालापुरतं आहे. सुरगाण्याहून नाशिकला येणाऱ्या ओंडक्याला ते लागू नाही.

सुरगाणेकर:
वर यादी वाढली की खाली अडवणारा हातही वाढतो. आम्ही कागद वाचत नाही, नाक्यावरचं तोंड वाचतो. उद्या कोणी बांधावर साग लावणारच नाही, मग वाचवा.

(हा मुद्दा मला खोडता आला नाही, हे कबूल. – गोदाकाठ)

रंधा:
तीस वर्षं सुतारकाम करतोय, म्हणून दोन शब्द. लागवडीचा साग कोवळा तोडतात. पांढरा भाग जास्त, गाभा कमी. वाळवी आधी पांढऱ्यात शिरते. म्हणून लोक 'बर्मा बर्मा' करतात, ते अगदीच खोटं नाही वखारवाले भाऊ. पण आपल्याकडचा बल्लारपूर, आलापल्लीचा साग काय कमी आहे? वनखात्याच्या डेपोच्या लिलावातला घ्या, निदान कुठून आला ते कळतं. आणि गोदाकाठ साहेब, नवा कशाला? जुन्या नाशकात, पंचवटीत वाडा पाडला की तुळया, खांब, दारं बाहेर पडतात. सराफ बाजारातल्या सरकारवाड्याचे खांब बघा आणि मग लाकडाचं बोला.

वखारवाला:
जुन्या तुळईचा घनफुटाचा भाव विचारलात का? वर चिरकाम, वाया जाणारं लाकूड. माझा घाना बरा पडेल.

गोदाकाठ:
विचारलाय. बर्म्याच्या खाली आहे. रविवारी पंचवटीत एक तुळई बघायला जातोय. रंधा काका, याल का?

रंधा:
येतो. येताना लोहचुंबक आणा, तुळईवर सगळीकडून फिरवायचा. आत मोडलेले जुने खिळे असतात, वरून दिसत नाहीत. माझी करवतीची दोन पाती त्यातच गेली. तिसरं गेलं तर पैसे तुमच्याकडून घेईन.