‘बुडवलं’, ‘पाडाव केलं’ की ‘जलसमाधी दिली’?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेवर लिहितोय. तिने बुडवलेल्या व्यापारी जहाजांबद्दल ‘जलसमाधी दिली’ असं लिहावं, असा सल्ला मिळालाय. मला ते खटकतं. जाणकारांचं मत काय?

– खटकायलाच हवं. जलसमाधी घेतात ती स्वखुशीने. नाथांनी पैठणला गोदावरीत घेतली, असं आपण म्हणतो. तोफेच्या गोळ्यांनी फुटलेल्या जहाजाला कसली समाधी? वर्तमानपत्रांनी हा शब्द पार झिजवलाय. सरळ ‘बुडवलं’ लिहा. रामदास बोट १९४७ साली रेवसला जाताना वादळात सापडून बुडाली; तिला कुणी बुडवली नव्हती. मराठीत एवढा फरक एका ‘व’वर भागतो.

– ‘बुडवलं’ बरोबरच, पण एम्डेनच्या बाबतीत त्याआधीची पायरी सुटते. १० सप्टेंबर १९१४ ला तिने बंगालच्या उपसागरात ‘इंडस’ गाठली. ही आगबोट कलकत्त्याहून मुंबईकडे निघाली होती, पुढे सैन्याच्या वाहतुकीला लागायची होती. आधी थांबण्याचा इशारा, मग हत्यारबंद तुकडी बोटीवर, झडती, माणसं उतरवून घेणं. जर्मनांना साबणाची चणचण होती आणि इंडसवर साबण भरपूर! तो उचलला, मग तळाच्या झडपा उघडून आणि गोळे टाकून बोट तळाला धाडली. कप्तान फॉन म्युलर खलाशांच्या जिवाला जपायचा, हे इंग्रजांनीही कबूल केलं. अशा पकडलेल्या जहाजाला जुन्या मराठीत नेमका शब्द आहे : पाडाव. ‘गलबत पाडाव केले’. तुम्ही ‘पाडाव करून बुडवली’ लिहा.

– पाडाव सुंदर आहे हो, पण आजचा वाचक ‘पाडाव’ म्हणजे पराभवच समजणार. ‘ताब्यात घेऊन बुडवली’ बरं. पाडाव हवाच असेल तर पहिल्यांदा वापराल तिथे वाक्यातूनच अर्थ कळू द्या, कंस नकोत.

– आणि हे प्रत्येक बोटीला लावू नका. ‘तिलावा’ घ्या. २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासा-दरबानच्या वाटेवर निघालेली प्रवासी-मालवाहू आगबोट, साडेनऊशेच्या वर माणसं, बहुतेक आपलीच. २३ तारखेला जपानी पाणबुडीने पाणतीर सोडला. इशारा नाही, झडती नाही. होड्यांत उतरलेले काही जण बोट तरंगतेय पाहून परत चढायला लागले, तेवढ्यात दुसरा पाणतीर. २८० माणसं गेली. इथे पाडाव कुठला?

– मूळ प्रश्नात ‘जहाज’ आहे, वर कुणी ‘आगबोट’, कुणी नुसती ‘बोट’ लिहिलंय. आमच्या कोकणात वाफेचं ते सगळं ‘बोट’च, गलबत म्हणजे शिडाचं. १९१४ च्या मजकुरात मला आगबोट आवडेल, आगगाडीची बहीण शोभते. डेकवरच्या माणसांना मात्र सरसकट ‘खलाशी’ म्हणू नका; सारंग, टंडेल, सुखाणी ही पदं होती, आणि कोकणातली कित्येक घरं त्यांवर जगली.

– मग ‘एम्डेनने इंडस आगबोट ताब्यात घेतली, माणसं उतरवली आणि ती बुडवली’. ‘ती’ म्हणजे माणसं असा घोळ होतोय का? ‘आणि मग बोट बुडवली’ करा.