सासऱ्यांची ज्ञानेश्वरी मुलांच्या हाती कशी द्यावी?

प्रश्न : सांजवात

आमच्या घरी तीन पिढ्यांपासून ज्ञानेश्वरीच्या नित्य वाचनाचा नेम आहे. माझे सासरे संध्याकाळी दिवा लावून झाला की चौरंगावरची पोथी उघडत, आदल्या दिवशी मोरपीस ठेवलेल्या पानापासून पंचवीस ओव्या वाचत आणि मोरपीस पुढे सरकवून पोथी पुन्हा वस्त्रात गुंडाळत. सुमारे 9,000 ओव्यांचा हा ग्रंथ या गतीने वर्षभरात पूर्ण होई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओवीपासून वाचन सुरू होई. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. नेम मोडू नये म्हणून तेव्हापासून मी वाचते आहे.

मुलगा बारा वर्षांचा आहे, मुलगी आठ वर्षांची. मुलगी कुतूहलाने शेजारी येऊन बसते. मुलगा मात्र गेल्या महिन्यात सरळ विचारता झाला, "आई, यातलं तुला तरी किती कळतं?" खोटे बोलवेना, म्हणून निम्मे कळते असे म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "मग मी कशाला बसू?" तेव्हापासून तो त्या वेळेला दुसऱ्या खोलीत असतो. माझ्या नणंदेचे म्हणणे असे की या वयात गोडी लावली नाही तर पुढे ती लागतच नाही, तेव्हा थोडी सक्ती केलीच पाहिजे. यजमानांचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे.

अर्थ कळण्याआधी पाठ करून घ्यावे की अर्थ सांगून मगच वाचायला बसवावे, आणि सुरुवात कोठून करावी, याबद्दल जाणकारांनी सांगावे. आणखी एक गोष्ट सहज लिहिते. सासऱ्यांच्या पोथीच्या समासात जागोजागी पेन्सिलीच्या बारीक फुल्या आहेत. त्या कशाच्या, हे त्यांना विचारायचे राहून गेले.

प्रतिसाद : टाळकरी

रामकृष्ण हरी. ताई, माझे शिक्षण आळंदीत झाले आणि पुढे कीर्तनसेवेबरोबर गावातील मुलांना हरिपाठ शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे केले. त्या अनुभवावरून सांगतो की आठ ते बारा हे पाठांतराचे वय आहे आणि ते वाया घालवू नये. या वयात तोंडात बसलेले शब्द साठाव्या वर्षीही जसेच्या तसे निघतात, आणि चाळिशीत पाठ केलेले मात्र दोन एकादश्या चुकल्या की विसरतात. अर्थ मागाहून येतो. आमच्या गुरुजींनी पहिले वर्षभर आम्हाला अर्थ विचारू दिला नाही, आणि त्याबद्दल आज माझी काहीही तक्रार नाही.

परंतु आपण सुरुवात ज्ञानेश्वरीपासून करता आहात, ती हरिपाठापासून करावी असे मी सुचवीन. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग आहेत, प्रत्येक अभंग चार-पाच कडव्यांचा आहे, चाल सोपी आहे आणि हाताला टाळ असतो. बारा वर्षांच्या मुलाला नुसते ऐकत बसवले की त्याचे पाय अवघडतात आणि मन खिडकीबाहेर जाते. त्याच्या हाती टाळ दिला, की ठेका चुकू नये यात त्याचे लक्ष गुंतते आणि शब्द आपोआप आत जातात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्मी तरी सुरुवातीला केवळ टाळासाठी येत, हे मी उघडपणे कबूल करतो.

सात दिवसांच्या पारायणाला मात्र इतक्या लहान मुलाला बसवू नये. तेथे दिवसाला बाराशे-तेराशे ओव्या होतात. मोठ्या माणसांचीही पाठ आखडते, आणि मुलाच्या मनात ग्रंथ म्हणजे अवघडलेली मांडी एवढीच आठवण उरते.

प्रतिसाद : उंबरठा

वरील प्रतिसादाचा आदर राखून मला वेगळे लिहायचे आहे, कारण सक्तीने बसवलेला मुलगा मी होतो.

आमच्या घरी सकाळी आंघोळ झाल्याशिवाय पोथीला हात लावायचा नाही, वाचताना मान वळवायची नाही आणि चुकले तर ओवी पुन्हा पहिल्यापासून म्हणायची, असा दंडक होता. एकदा परीक्षेच्या दिवशी सकाळी एका ओवीवर माझी जीभ सतत अडखळत राहिली आणि ती ओवी अकरा वेळा म्हणेपर्यंत मला उठू दिले गेले नाही. ते करणाऱ्या माणसाचे माझ्यावर प्रेम होते, याविषयी मला शंका नाही. परंतु पुढची वीस वर्षे मी तो ग्रंथ उघडला नाही. कोणाच्या घरून सामुदायिक वाचनाचा एकसुरी आवाज कानी आला तरी पोटात गोळा येत असे.

टाळकरी म्हणतात ते खरे आहे. शब्द साठाव्या वर्षीही निघतात. पण त्या शब्दांबरोबर ती सकाळही निघते, हे पाठांतर करून घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मुलगा दुसऱ्या खोलीत बसतो, तर बसू द्यावा. दार तेवढे उघडे ठेवावे आणि आपण नेहमीच्या आवाजात वाचावे. मुद्दाम मोठ्याने वाचलेले मुलांना लगेच कळते.

प्रतिसाद : टाळकरी

अकरा वेळा म्हणायला लावणे ही शिकवण नव्हे, ती शिक्षा होती. आपल्याला जे सोसावे लागले त्याचे मला वाईट वाटते. माझा आग्रह पाठांतराचा आहे, धाकाचा नाही.

प्रतिसाद : समासातली टीप

मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे भक्तीबद्दल अधिकाराने काही सांगणार नाही. परंतु मुलाचा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटला नाही. तो या ग्रंथाच्या मुळाशी जाणारा प्रश्न आहे. गीतेचे 700 श्लोक संस्कृतात होते आणि ते ज्यांना कळत नव्हते त्यांना कळावेत म्हणून शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, नेवाशात ही मराठी टीका सिद्ध झाली. कळत नाही ही अडचण दूर करण्यासाठीच जो ग्रंथ झाला, तो न कळताच वाचत राहा असे मुलाला सांगणे मला विसंगत वाटते. आज अडचण एवढीच आहे की सव्वासातशे वर्षांपूर्वीची मराठी आपल्याच मुलांना परकी झाली आहे, आणि तो दोष मुलांचा नाही.

पाठांतर या शब्दावरून एक गोष्ट आठवली. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि आपल्या ओव्यांत त्याचे कारणही नोंदवले. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, परंतु पाठांतरांमुळे तो ठिकठिकाणी अबद्ध झाला होता, असे ते सांगतात. तेथे पाठांतराचा अर्थ तोंडपाठ करणे असा नसून पाठभेद असा आहे. तीनशे वर्षे लोकांनी प्रेमाने नकला केल्या, प्रेमाने म्हटल्या आणि त्या प्रेमातच शब्द बदलत गेले. ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो म्हणणाऱ्यांमुळे जितका, तितकाच थांबून हा शब्द असा कसा, असे विचारणाऱ्यामुळे. पुढे ज्याने त्यात आपली ओवी घुसडली त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली, असेही एकनाथ बजावतात. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. वर्गात हा शब्द सांगितला की मुले हमखास हसत आणि मग कधी विसरत नसत.

सुरुवात कोठून करावी, याचे माझे उत्तर बारावा अध्याय असे आहे. मूळ श्लोक केवळ 20, ओव्या 247, आणि त्यात भक्ताचे वर्णन असल्याने दृष्टांत घरगुती आहेत. एक ओवी वर्गातल्या प्रसंगासह सांगते :

जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली ।
दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥

ही फळ्यावर लिहिली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला की ज्ञानेश्वरीत लावणी कशी आली. वर्ग हसला, मीही हसले, आणि मग भाताची लावणी करतात ती कोणती, असे विचारल्यावर एका शेतकऱ्याच्या मुलाने पुढचे सगळे स्वतःच उलगडले. रोप लावणारा एक, तोडायला घाव घालणारा दुसरा, आणि झाड दोघांनाही सारखीच सावली देते. खांडणे म्हणजे तोडणे, हेही त्यानेच सांगितले, कारण त्याच्या घरी तो शब्द अजून वापरात होता. समजावून सांगण्यासारखे माझ्याकडे काही उरलेच नाही. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, मोकळा असतो, हे त्यानंतर दाखवले तर मुले स्वतःहून ओव्या जुळवू लागतात. एकाने शाळेच्या घंटेवर केलेली ओवी वृत्तात अगदी चोख होती, आशयाबद्दल न बोललेले बरे.

तेव्हा प्रत्येक ओवीखाली अर्थ दिलेली प्रत घ्यावी, रोज दहाच ओव्या घ्याव्यात आणि अवघड शब्दांची वही मुलाकडे सोपवावी. आपल्याला निम्मे कळते हे आपण त्याला सांगितलेच आहे, ते चांगले झाले. आता उरलेले निम्मे शोधण्यात त्याला सोबती करून घ्यावे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते केवळ अवधान. श्रद्धेची अट त्यांनीही आधी घातलेली नाही.

समासातल्या फुल्यांविषयी माझा केवळ तर्क आहे. माझे वडील अडलेल्या शब्दापुढे अशीच फुली करीत आणि कोणी जाणकार घरी आला की विचारून घेत.

प्रतिसाद : मध्यलय

वरील चर्चेत न आलेली एक बाजू मांडतो. माझ्या मुलीला बाराव्या अध्यायापर्यंतच्या कितीतरी ओव्या पाठ आहेत, अर्थही कळतो, आणि ती स्वतःला नास्तिक म्हणवते. घरातील वडीलधाऱ्यांना हे अपयश वाटते. मलाही पहिली काही वर्षे तसेच वाटले, आणि त्यावरून आमच्यात नको तेवढे बोलणेही झाले. ग्रंथ देता येतो, वेळ देता येतो, आपले वाचन तिच्या दृष्टीस पडू देता येते. श्रद्धा मात्र हातातून हातात देण्याची वस्तू नाही, हे स्वीकारायला मला फार उशीर लागला. मागच्या आषाढीला ती माझ्यासोबत दोन मुक्काम चालली. का, ते मी विचारले नाही.

प्रतिसाद : सांजवात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे होते.

हरिपाठ मुलीने उचलला. टाळ तिला जड होतात म्हणून तिने चिपळ्या घेतल्या आहेत आणि पाच अभंग तिला येतात. उंबरठा यांनी सांगितल्याप्रमाणे मुलाला बोलावणे मी बंद केले आणि दार उघडे ठेवले. पहिले आठ दिवस काहीही झाले नाही. मग मी बारावा अध्याय काढला आणि जेवताना सहज त्या फुल्यांचा विषय निघाला. आजोबांना अडलेले शब्द असतील हा तर्क ऐकून तो उठला, हात धुऊन आला आणि पोथी घेऊन बसला. वाचायला नव्हे, फुल्या मोजायला. सर्वांत जास्त फुल्या तेराव्या अध्यायात निघाल्या. बाराव्यात चारच आहेत.

त्या चारही ओव्या त्याने वहीत उतरवल्या आहेत. तीन ओव्यांतील अवघड शब्दांचे अर्थ सार्थ प्रतीत मिळाले. चौथ्या ओवीपुढच्या फुलीचा मेळ मात्र लागत नाही, कारण त्या ओवीतला एकही शब्द अवघड नाही. आजोबांना तेथे काय अडले असेल, हे तो रोज संध्याकाळी मला विचारतो, आणि अजून तरी मला सांगता आलेले नाही.