मदत हवी आहे : आईच्या फाइलमधले शब्द कुणी समजावून सांगेल का?

मंडळी, उपचारांचा सल्ला नकोय, ते डॉक्टर बघताहेत. गाडी अडलीय ती शब्दांपाशी.

आई ६३ वर्षांची. दोन महिन्यांपासून धडधड, रात्री दचकून जाग, हातापायांना मुंग्या. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तपासण्या करून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आता घरात दोन फायली आहेत आणि दोन्हींवरून रोज वाद.

पहिल्या फाइलमध्ये 'हायपरटेन्शन', ईसीजीवर 'माइल्ड एसटी डिप्रेशन' आणि पुढे 'स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह'. धाकट्या भावाने तिन्ही एका दमात वाचून निकाल दिला : टेन्शन, डिप्रेशन, स्ट्रेस, म्हणजे हृदयवालेही मनाचंच म्हणताहेत! मावशीला फोनवर 'निगेटिव्ह आली' एवढंच ऐकू गेलं, ती रडायलाच लागली. (मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर मलाही पक्कं माहीत नव्हतं.)

दुसरी फाइल जास्त अवघड. 'अँक्झायटी डिसऑर्डर विथ सोमॅटिक सिम्प्टम्स', 'आर/ओ हायपरथायरॉइडिझम', 'इनसाइट पार्शल'. सोमॅटिक म्हणजे "काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ" असा अर्थ बाबांनी लावलाय. आई धडधडतंय म्हणाली की ते पेपरात डोकं घालतात. आईचं दुखणं निराळंच, "त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी काय भ्रमिष्ट झालेय?"

तर, तिला थायरॉइड आहे की नाही? आणि बाबांना सोमॅटिक कसं समजावू?

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर नाही, पण रुग्णांच्या नोंदी लिहिण्यात वीस वर्षं गेली. तुमच्या भावाने वाचलेल्या तिन्ही शब्दांचा मनाशी संबंध नाही. हायपरटेन्शन म्हणजे उच्च रक्तदाब, त्यातलं टेन्शन म्हणजे रक्तवाहिन्यांवरचा ताण. शांत स्वभावाच्या माणसालाही तो असतो. एसटी डिप्रेशन म्हणजे ईसीजीच्या रेघेचा एक तुकडा नेहमीच्या पातळीपेक्षा खाली उतरलेला. हृदयाला रक्त कमी पडत असेल तर तसं दिसतं, इतर कारणांनीही दिसतं, म्हणून तर पुढे स्ट्रेस टेस्ट. ती पट्ट्यावर चालायला लावून घेतात, म्हणजे ताण हृदयावर. निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं नाही. मावशींना फोन करा आधी.

आर/ओ म्हणजे 'रूल आउट'. हा आजार नाही ना, याची खात्री करायची. निदान नव्हे ते. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी अशीच धडधड आणि अस्वस्थता होते, म्हणून टीएसएच ही रक्ततपासणी सांगितली असणार. तिथेही गोंधळ होतो हं : थायरॉइड जास्त चालत असेल तर टीएसएच सहसा कमी येते, कारण टीएसएच हे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं, थायरॉइडला 'काम कर' म्हणून हाक मारणारं संप्रेरक आहे. थायरॉइड आधीच धावत असेल तर पिट्युटरी ओरडेल कशाला?

वार विचारणं हा मानसोपचाराच्या तपासणीतला नेहमीचा प्रश्न, कुणालाही विचारतात. आणि इनसाइट म्हणजे आपल्याला काय होतंय याची स्वतःला कितपत जाण आहे ते. पार्शल म्हणजे थोडी आहे. बुद्धीचा शेरा नाही तो.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. सोमॅटिकबद्दल थोडं. ग्रीक 'सोमा' म्हणजे शरीर. सोमॅटिक सिम्प्टम्स म्हणजे शरीरात जाणवणारी लक्षणं, म्हणजे बाबांनी लावलेल्या अर्थाच्या बरोबर उलट! भीती वाटली की अॅड्रेनलिन सुटतं आणि हृदय खरोखरच जोरात धावतं. श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि हातापायांना, ओठांभोवती मुंग्या येतात. म्हणजे त्या मुंग्या खऱ्याच, नाटक नव्हे.

बाबांना शब्दार्थ सांगत बसू नका. पुढच्या वेळी आई धडधडतंय म्हणाली की त्यांना तिच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ लावून ३० सेकंद नाडी मोजायला सांगा, आकडा दुप्पट करायला लावा. मात्र छातीत दुखलं, घाम फुटला किंवा चक्कर आली तर मोजत बसायचं नाही, थेट दवाखाना.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मावशीला सांगितलं, "मग नॉर्मल असं लिहायला काय होतं त्यांना?" म्हणाली. भाऊ गप्प आहे, हीसुद्धा बातमीच.

काल रात्री अडीचला आई उठून बसली. बाबांनी कुरकुरत नाडी धरली. ५६ मोजले, मग स्वतःच ११२ म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले. सकाळी फाइलच्या मागे त्यांच्या अक्षरात वेळ आणि आकडा लिहिलेला दिसला, खाली रेघ मारून पुढच्या ओळीला जागा ठेवलीय. टीएसएचचा रिपोर्ट परवा मिळेल, कमी आली तर घाबरायचं की नाही ते विचारायला इथेच येईन.