एमपीटीएच (फिजिओथेरपीतली मास्टर्स): पालिकेच्या कॉलेजातलं कार्डिओ-रेस्पी की नवी मुंबईतलं मस्क्युलो?

ठाकुर्लीकर
बीपीटीएचची, म्हणजे पदवीची, इंटर्नशिप संपली, कौन्सिलची नोंदणी झाली. सीईटी सेलच्या राउंडमध्ये पालिकेच्या हॉस्पिटलला जोडलेल्या कॉलेजात कार्डिओ-रेस्पी (हृदय-फुप्फुसांची शाखा) लागलंय. नवी मुंबईतल्या एका अभिमत विद्यापीठात मस्क्युलो (हाडं-स्नायू-सांध्यांची शाखा) मिळतंय, पण तिथे आठवड्याभरात पहिला हप्ता भरायचाय. घरचे म्हणतात, शेवटी क्लिनिकच टाकणार तर मस्क्युलो घे. आधी काय बघायचं: शाखा, कॉलेज की गाईड (थिसिस करून घेणारे शिक्षक)? राहायला डोंबिवली. पुढे बाहेर जायचा विचार आहे, पक्का नाही. "तुझी आवड बघ" एवढंच कृपया कुणी लिहू नका.

पी_व्हॅल्यू
गाईड. म्हणजे गाईडचं नाव नव्हे, त्यांच्या ओपीडीत येणारे पेशंट.

आकडेमोडच करू. समजा थिसिसचा विषय सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, दोन गटांत वेगवेगळे व्यायाम द्यायचे आणि सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत फरक बघायचा. ३० मीटरचा फरक पकडायचाय, एसडी (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) ५० धरली, पॉवर (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के. सूत्राने एका गटाला ४४ पेशंट लागतात. १५ टक्के मध्येच सोडून जाणार असं धरलं तर ५२, म्हणजे दोन्ही गट मिळून १०४. आता ओपीडीत निकषात बसणारे महिन्याला ८ येत असतील तर लागले १३ महिने, तेही येणारा प्रत्येक जण तयार झाला तर.

तुमच्याकडे १३ महिने नसतात. कोर्स दोन वर्षांचा. पहिले पाच-सहा महिने विषय, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीत जातात. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (ट्रायलची सर्वांना खुली ऑनलाइन नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच व्हावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. शेवटचे काही महिने लिखाण, बाइंडिंग आणि परीक्षेचे. मध्ये उरतात दहा, फार तर अकरा. त्यात त्याच गाईडचा दुसरा विद्यार्थीही सीओपीडीच करत असेल तर आठाचे झाले चार.

मग काय होतं? पेशंट भरत नाहीत म्हणून मधूनच निकष सैल करतात, वयाची अट ६० ची ७० करतात आणि एथिक्सला कळवायचं राहून जातं. सीटीआरआयच्या नोंदीत मूळ निकष आणि तारखा कुणालाही दिसतात. एक्स्टर्नलने (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने) व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्री ती नोंद उघडली की संपलंच.

म्हणून गाईडला विषय विचारण्याआधी विचारा: महिन्याला अमुक निदानाचे नवीन पेशंट किती, आणि त्यावर किती विद्यार्थी.

तीस_मीटर
वरच्या हिशेबात एक गोष्ट राहिली, मोजणीची. त्यासाठी कॉलेजला स्वतः जाऊन बघा. माहितीपत्रकावरच्या मशिनच्या फोटोंवर जाऊ नका.

सहा मिनिटांच्या चाचणीला ३० मीटरचा सपाट, सरळ पॅसेज लागतो, दोन्ही टोकांना शंकू, जमिनीवर दर ३ मीटरला खूण. खूण आहे का बघा. ती नसेल तर चाचणी तिथे रोज होत नाही, कागदावर होते. जागा नाही म्हणून १५ मीटरवर घेतात. मग ४२० मीटर चालणाऱ्या माणसाच्या १४ फेऱ्यांच्या २८ होतात. प्रत्येक वळणाला तो वेग कमी करतो, वळतो, पुन्हा वेग धरतो. अंतर कमी भरतं आणि ३० मीटरच्या पॅसेजवर बेतलेल्या समीकरणाशी ताडलं तर पेशंट आहे त्यापेक्षा आजारी दिसतो.

दुसरं, पीएफटी (फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या) मशिनजवळ ३ लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज आणि तिची वही मागा. रोजची नोंद हवी, वाचन २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत. सिरिंज कपाटात बंद आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे असेल तर काय समजायचं ते समजा.

तिसरं, आयसीयू. पीजीला पोस्टिंग किती आठवडे, आणि सक्शन, पोझिशनिंग, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला उठवून बसवणं हे फिजिओ करतात की नुसते बाजूला उभे राहतात? पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात पेशंटची वानवा नसते. तिथे खरा प्रश्न शिकवणाऱ्याला वेळ मिळतो का हा.

मस्क्युलोच्या ओपीडीत अर्धा तास नुसतं बसा. प्रत्येक कंबरेला तोच आयएफटी (पॅड लावून द्यायचा विद्युतप्रवाह), तोच शेक, दहा मिनिटांत पुढचा, असं चाललं असेल तर दोन वर्षांत पॅड लावण्यात हात बसेल, तपासण्यात नाही. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) कुणाच्या हातात दिसला तर शुभशकुन.

आता क्लिनिकचं. नोंदणी फिजिओथेरपिस्ट म्हणूनच असते; कार्डिओ-रेस्पीवाल्याला गुडघा बघायला कुणी मनाई करत नाही. मॅन्युअल थेरपीचे कोर्स नंतरही करता येतात. आयसीयू मात्र शनिवार-रविवारच्या वर्कशॉपमध्ये मिळत नाही. म्हणून क्लिनिकसाठी मस्क्युलोच हवं, हे मला पटत नाही.

हार्बर_लाईन
पैसे आणि गाडी.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या साइटवर दिसते. अभिमत विद्यापीठ त्यात येत नाही. तिथे "वर्षाची फी" न विचारता दोन वर्षांची एकूण रक्कम लेखी मागा: डिपॉझिट, पात्रता, परीक्षा, थिसिस सगळं धरून. विद्यावेतन मिळतं का, दरमहा की सहामाहीने, आणि फीतून वळतं करतात का, हेही लेखी.

हप्ता भरण्याआधी पैसे परतीचा नियम वाचा. मूळ कागदपत्रं एका ठिकाणी जमा झाली की दुसरीकडे धावपळ करता येत नाही. सीईटीच्या बाजूने स्टेटस रिटेन्शनचा (मिळालेलीच सीट कायम ठेवण्याचा) फॉर्म भरलात तर पुढच्या राउंडमध्ये तुमचा विचार होत नाही. हे "सीट सेफ करायला" म्हणून भरतात आणि मग रडतात.

पालिकेचं हॉस्पिटल परळ किंवा सायनचं असेल तर डोंबिवलीहून स्लोने थेट. नायर असेल तर दादरला बदलून मुंबई सेंट्रल. अभिमतसाठी नेरुळला जायचं तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर. कामोठे असेल तर मानसरोवरला उतरा. वॉर्डात सकाळी लवकर हजेरी असेल तर ठाण्याचा पूल ओलांडायचा वेळ धरून निघा.

कोर्सवर्क
बाहेरचं थोडक्यात. अमेरिकेत आधी तुमची मूळ पदवी तपासतात, म्हणजे बीपीटीएच. विषय आणि तास मोजतात. एमपीटीएचने काही तास भरून निघू शकतात, पण त्यात कार्डिओ की मस्क्युलो याने फार फरक पडत नाही. नंतर एनपीटीई (तिथली लायसन्सची परीक्षा), पास व्हायला २०० ते ८०० च्या पट्टीवर ६००. ट्रान्झिशनल डीपीटी (आधीच फिजिओ असलेल्यांसाठीचा डॉक्टरेट कोर्स) केलं की लायसन्स मिळतं असं एजंट सांगतात. सीएपीटीई (तिथली कोर्सना मान्यता देणारी संस्था) फक्त एन्ट्री-लेव्हल कोर्सना मान्यता देते, ट्रान्झिशनल त्यात येत नाही. आत्ता एकच करा: बीपीटीएचचा तासांसकट अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह घेऊन ठेवा. अभ्यासक्रम बदलला की जुना शोधून देणारं कुणी उरत नाही.

ठाकुर्लीकर
सगळ्यांचे आभार. अडचण एवढीच की गाईड प्रवेशानंतर मिळतात. आधी कुणाला विचारणार?

पी_व्हॅल्यू
विचारू नका, वाचा. डिपार्टमेंटच्या लायब्ररीत मागच्या तीन वर्षांचे बांधलेले थिसिस असतात. कार्डिओ-रेस्पीचे चार काढा. पद्धतीच्या प्रकरणात ठरवलेली संख्या, निकालाच्या पहिल्या तक्त्यात प्रत्यक्ष घेतलेली. १०४ ठरवून ९६ झाले असतील तर ठीक. १०४ चे ४० झाले आणि शीर्षकात "पायलट स्टडी" चिकटलं असेल तर ते त्या विद्यार्थ्याचं एकट्याचं अपयश नसतं. कोणत्या गाईडच्या थिसिसांत हे पुन्हा पुन्हा दिसतं तेही कळेल, नाव पहिल्याच पानावर असतं.

तीस_मीटर
आणि सोमवारी सकाळी जा. शनिवारच्या गर्दीवरून ओपीडीचा अंदाज बांधू नका. मोजायचा टेप बरोबर घ्या.