रामस्वामी हरले ते वर्णामुळे की भूमिकेमुळे?

ओहायोवासी (मूळ लेखन)
रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी भारतीय वंशाचे उद्योजक विवेक रामस्वामी यांनी आयोवा राज्याच्या सर्व ९९ काउंट्या (जिल्हे) दोनदा पालथ्या घातल्या, पदरचे दीड कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि १५ जानेवारी २०२४ च्या रात्री पक्षांतर्गत मतदानात त्यांच्या वाट्याला सुमारे पावणेआठ टक्के मते आली. पुढे मे महिन्यात पुराणमतवादी भाष्यकार अ‍ॅन कूल्टर यांनी त्यांच्याच पॉडकास्टवर येऊन, तुमची बरीच मते पटतात, परंतु तुम्ही भारतीय असल्यामुळे तुम्हाला मत दिले नसते, असे तोंडावर सांगितले. इतके झाल्यावरही पराभवाची कारणे शोधत बसणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. त्या पक्षाने आपल्या माणसाला वर्णामुळे नाकारले, एवढाच याचा अर्थ आहे.

स्पष्टवक्ती
‘आपला माणूस’ हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. कूल्टरबाईंचे विधान किळसवाणे होते, यात वाद नाही. पण ते निवडणुकीनंतरचे आणि एका व्यक्तीचे आहे. आयोवात त्याच रात्री, त्याच मतदारांनी दुसऱ्या उमेदवार निकी हेली यांना १९ टक्के मते दिली आणि आठवड्याभराने न्यू हॅम्पशायरमध्ये त्या ४३ टक्क्यांपर्यंत पोहोचल्या. त्याही भारतीय आई-वडिलांच्याच कन्या आहेत. रामस्वामी यांची अडचण अशी होती, की ते ज्यांच्याविरुद्ध उभे होते त्यांचीच स्तुती करत राज्यभर फिरले. अस्सल ट्रम्प मतपत्रिकेवर असताना मतदाराने नक्कल का घ्यावी? मतदानाच्या दोन दिवस आधी ट्रम्प यांनीच ‘हा आपल्यातला नव्हे’ असे जाहीर केल्यावर उरलासुरला आधारही गेला.

आता स्थलांतराविषयी. एच-वन-बी या कुशल परदेशी नोकरदारांच्या व्हिसाची लॉटरी मोडीत काढा, ती एक प्रकारची वेठबिगारी आहे, असे हे गृहस्थ सांगत होते. आणि त्यांनीच स्थापन केलेल्या रॉयव्हंट या औषध कंपनीला २०१८ ते २०२३ या काळात त्याच व्हिसासाठी २९ मंजुऱ्या मिळाल्या होत्या. बेकायदेशीर स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व नको, हेही त्यांनी चर्चेच्या मंचावर ठणकावले. ज्यांना खूश करायचे होते ते खूश झाले नाहीत आणि आपल्यासारखे दुरावले. तेलही गेले, तूपही गेले.

ओहायोवासी
हेली यांचे उदाहरण मलाच उपयोगी पडते. त्यांनी धर्म बदलला, तरीही ट्रम्प यांनी त्यांच्या जन्मनावाची मोडतोड करून टवाळी केलीच. रामस्वामी यांना मात्र भर सभेत हिंदू धर्मावरून प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी ते टाळले नाहीत. राहिला प्रश्न २९ मंजुऱ्यांचा. व्यवस्था सदोष आहे असे म्हणणाऱ्याने आपला उद्योग बंद करून बसावे काय? शिवाय मुख्य कार्यकारी पद त्यांनी २०२१ च्या आरंभीच सोडले होते.

रांगेतील एक
कोण का हरले, यात मला रस नाही. वेठबिगारी हा शब्द मात्र त्या माणसाने खरा वापरला. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशाला त्यातील सात टक्क्यांहून अधिक नाहीत. म्हणजे भारताला आणि आइसलँडला मर्यादा एकच. १९९० च्या कायद्याने घालून दिलेली ही चौकट तीन दशकांत कोणी हलवली नाही. नोकरी गेली तर नवा मालक शोधायला साठ दिवस. माझा मुलगा पुढच्या वर्षी एकवीस वर्षांचा होईल आणि या देशात वाढलेला तो पोरगा माझ्या व्हिसावरचा अवलंबित राहणार नाही. त्याची सोय काय, हे एकाही पक्षाने मला सांगितलेले नाही.

जुना नागरिक
आपल्या मुलाबद्दल सहानुभूती आहे. पण ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे, हे ठाऊक असूनच आपण तीत उभे राहिलात. मीही याच व्हिसावर आलो. पुढे माझ्याच जुन्या कंपनीने आमचा विभाग बंद केला आणि बाहेरून आणलेल्या स्वस्त मुलांना काम शिकवण्याची अट घालूनच आम्हाला निरोपाचे पैसे दिले. ती मुले आपल्याकडचीच होती. तेव्हापासून ‘गुणवत्ता’ हा शब्द ऐकला की हसू येते.

रांगेतील एक
स्वतः आत पोहोचल्यावर दार लावून घेणाऱ्यांत आपला क्रमांक वरचा आहे. त्या मुलांना कमी पगारावर राबवणारा मालक आपणास दिसला नाही, मुले तेवढी दिसली! मालक सहज बदलता येत नाही, म्हणूनच ती स्वस्त पडतात.

जुना नागरिक
वैयक्तिक बोलण्याचे कारण नव्हते. मालक बदलण्याची मोकळीक द्यावी, हे मान्य करतो. आपल्या सुरावरून मात्र ते मान्य करणे जड जाते आहे.

मिशिगनकर
श्री ठाणेदार यांची आठवण कोणालाच कशी झाली नाही? बेळगावात वाढलेला हा मराठी उद्योजक २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, स्वतःचे १ कोटी डॉलरहून अधिक खर्चून डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत तिसरा आला आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या मतदारसंघातून अमेरिकी संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून गेला. उच्चार शुद्ध बेळगावी, अमेरिकेत जन्मही नाही. तेव्हा वर्णाची सबब सरसकट चालणार नाही.

ओहायोवासी
पक्ष वेगळा, मतदार वेगळे. तुलना अर्धीच लागू पडते. अर्धी पडते, हे आपल्या समाधानासाठी कबूल करतो.

स्पष्टवक्ती
अर्धी तर अर्धी. डिसेंबर २०२४ मध्ये याच रामस्वामी यांनी, अमेरिकन संस्कृती सामान्यपणाला डोक्यावर घेते, म्हणून कंपन्या परदेशी अभियंते नेमतात, असे लिहिले आणि स्वपक्षीयच त्यांच्यावर तुटून पडले. प्रचारात ज्या व्हिसाला वेठबिगारी म्हटले, त्यावर येणाऱ्यांची बाजू त्यांना निवडणूक संपल्यावर सुचली. ती आयोवात मांडली असती तर कदाचित सात टक्केही मिळाले नसते. पण मग ‘आपला माणूस’ म्हणायला मी विरोध केला नसता.

रांगेतील एक
सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले. ग्रीन कार्डाची सात टक्क्यांची मर्यादा आहे तिथेच आहे. त्यावर कोणाकडे सांगण्यासारखे काही असल्यास मी वाचतो आहे.