२६ जानेवारीचा सिनेमा आणि आमचा सोसायटी ग्रुप

ए-२०४ वहिनी: सुप्रभात. सेक्रेटरीसाहेब, काल सत्यनारायणाच्या प्रसादानंतर जो सिनेमा लावला त्याबद्दल कोणी बोलणार आहे का? हिरोच्या वडिलांना, त्या गावच्या मास्तरला, झाडाला लटकवतात ते बघून आमचा धाकटा रात्रभर झोपला नाही. दोनदा उठून बाबा घरात आहेत ना ते बघून आला.

सेक्रेटरी: वहिनी, मनापासून क्षमस्व. 'अग्निपथ' २०१२ ला २६ जानेवारीलाच लागला होता, म्हणून तरुण मंडळींनी सुचवला. नोटिशीत 'सर्वांसाठी' असं लिहिलं होतं.

ए-२०४ वहिनी: सर्वांत मुलं येत नाहीत का? आणि साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होता. आमच्या बारशाला मात्र दहाचा नियम बरोबर आठवला होता.

खजिनदार: प्रोजेक्टरची काळी वायर कोणाकडे आहे? भाड्याची आहे, आज परत करायची आहे.

बी-१०१ काका: नवा लावला तिथेच चुकलं. लावायचा तर १९९० चा. अमिताभने आवाज किती खाली नेला होता! लोकांना तो पटला नाही, थिएटरचं मशीन बिघडलं असं वाटलं, शेवटी पुन्हा डबिंग करावं लागलं. आणि त्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचा अभिनेता म्हणून पहिला.

सी-३०२: काका, जुन्यातही मास्तर मरतोच. मुलं त्यातही घाबरलीच असती.

बी-१०१ काका: मरतो, पण कॅमेरा त्यावर रेंगाळत नाही. शिवाय नव्यात कृष्णन अय्यर कुठे आहे? मिथुनचा नारळपाणीवाला काढून टाकला म्हणजे सिनेमातलं हसूच काढून टाकलं.

डी-००२: सकाळफुडें किदें झगडें हें? आडसरां (शहाळीं) जाय जाल्यार फोंड्याच्या बाजारांत मेळटात 😄

बी-१०१ काका: ग्रुपवर मराठीत लिहायचं ठरलं होतं.

डी-००२: ठरलं नव्हतं. पाच जणांनी ठरवलं होतं. आम्ही त्या मीटिंगला नव्हतो.

सेक्रेटरी: कृपया. मराठी आणि कोंकणी, दोन्ही भाषा आपल्याच आहेत.

सी-३०२: नव्याची बाजू कोणीतरी मांडू द्या. ऋषी कपूरचा रौफ लाला जुन्यात नव्हताच. आयुष्यभर गोड नायक केलेल्या माणसाने असा खाटीक उभा केला, अंगावर काटा येतो. संजय दत्तचा खलनायक कांचा टकला, भुवया नाहीत, तोंडी गीता. डॅनीचा कांचा सुटाबुटातला. मला दोन्ही आवडतात.

ए-२०४ वहिनी: त्याच रौफ लालाने मुलीचा लिलाव मांडला तेव्हा समोरच्या सतरंजीवर आपल्या मुली बसल्या होत्या. एकाही मोठ्या माणसाने उठून बंद केलं नाही. मीसुद्धा नाही, मी पुऱ्या आवरत होते. त्याचंच वाईट वाटतंय.

खजिनदार: काळी वायर. दोन मीटरची.

बी-३०१ आजोबा: एक सांगतो. नव्यात मास्तरचं गाव, मांडवा म्हणून दाखवलंय ते दीव आहे. मी ८३ ते ८५ बदलीवर तिथे होतो. तेव्हा गोवा, दमण, दीव एकच होतं. १९८७ ला आपल्या गोव्याला राज्य मिळालं आणि ते दोघे वेगळे राहिले. काल पडद्यावर तो समुद्र दिसला आणि हिला हाक मारली, मग आठवलं, ही आता नाही.

सी-१०३ वहिनी: आजोबा 🙏

बी-१०१ काका: खरा मांडवा अलिबागजवळ. गेटवेवरून लाँच सुटते. आणि परत सांगतो, आवाज हीच जुन्या सिनेमाची जान आहे.

सी-३०२: काका, तिसऱ्यांदा.

बी-१०१ काका: पटलं नाही म्हणून तिसऱ्यांदा.

सी-१०३: मी सहसा इथे लिहीत नाही. आवाज, टक्कल, नारळपाणी सगळं ठीक आहे. मला दोन्हींत एकच गोष्ट दिसते. मास्तरला कांचाने संपवलं खरं, पण हात गावाचे होते. ज्यांच्या पोरांना त्याने शिकवलं, त्यांनी एका खोट्या आळावर विश्वास ठेवला. त्याचा मुलगा विजय पुढे वर्षानुवर्षं कांचाचं नाव घोकत बसतो. गावाला कोणी विचारत नाही.

माझे वडील पेडण्यात, आगरवाड्याला मिठागरावर कामाला होते. आमच्या बाजूला एक मास्तर होते. बाहेरचे लोक आगराच्या जमिनी मागायला आले तेव्हा ते घरोघर जाऊन सांगायचे, विकू नका, बांध सांभाळा, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं दुरुस्त करा. चार महिन्यांत त्यांच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते इथे लिहिणार नाही. सगळं खोटं. त्यांना कोणी हात लावला नाही. फक्त चवथीला त्यांच्या घरी आरतीला जायचं लोकांनी बंद केलं. आम्हीही गेलो नाही. वडील म्हणाले होते, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी ते गाव सोडून गेले. दोन पावसांत बांध फुटला, आणि जमीनही गेली.

काल तो प्रसंग आला तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

(बराच वेळ कोणी लिहिलं नाही.)

बी-१०१ काका: तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

सी-१०३: विषय निघाला नाही.

डी-००२: ते मास्तर आतां खंय आसात?

सी-१०३: गेले. मुलगा पुण्याला असतो म्हणून ऐकलं.

ए-२०४ वहिनी: भाऊजी, आमचा धाकटा विचारत होता, मास्तरांनी काय केलं होतं म्हणून मारलं. मला सांगता आलं नाही. तुम्ही संध्याकाळी चहाला या, तुम्हीच सांगा त्याला. बांधाचंसुद्धा सांगा.

सी-१०३: येतो. आणि त्याला घेऊन एकदा आगरवाड्याला जाऊ. अजून थोडी आगरं चालू आहेत. आता बांधबंदिस्ती चालली असेल, मार्चमध्ये गेलो तर मीठ ओढताना दिसेल.

सेक्रेटरी: यापुढे सिनेमा ठरवताना ए-२०४ वहिनींना विचारून ठरवू. दहाला बंद, हे नक्की.

बी-१०१ काका: मग शिवजयंतीला जुना लावा. सातला सुरू करा. मास्तरचा प्रसंग येईल तेव्हा मी मुलांना घेऊन गच्चीवर जातो, माझ्यावर सोपवा.

खजिनदार: वायर?

डी-००२: म्हाका मेळ्ळी. माझ्याच खुर्चीला गुंडाळलेली. आणून देतो.