चेतनाक्षमतेचे प्रयोग: काय जमतं, काय फसतं?

'चेतनाक्षमता' (स्पर्श, प्रकाश अशा चेतनांना सजीवाने प्रतिसाद देणं) वर्गात नुसती फळ्यावर उरकू नये असं वाटणाऱ्यांनी आपापली कृती आणि खाचाखोचा इथे लिहा.

लाजाळू
रानातून उपटलेलं रोप त्याच दिवशी वर्गात नेऊ नये. मुळं दुखावलेली असतात, पानं आधीच मलूल. त्यापेक्षा बी पेरावं. कवच टणक असतं, म्हणून पॉलिश पेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात भिजवावं. प्रयोग सकाळीच घ्यावा, कारण संध्याकाळी पानं आपसूक मिटतात. टोकाच्या दोन पर्णिका (पानाची छोटी पानं) कात्रीने कापल्या की जोड्या एकेक करून मिटत देठाकडे येतात आणि मग अख्खा देठ खाली झुकतो. त्याच्या बुडाशी भिंग धरा. फुगीर सांधा दिसतो, त्यावर बारीक लव असते. खालच्या बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर जातं, मागोमाग पाणी, आणि ती बाजू लुळी पडते. स्नायू नाही, चेतातंतू नाही, तरी हे घडतं! नुसत्या स्पर्शाने मिटलेलं पान उघडायला साधारण १५-२० मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातात ठेवा.

वरच्यात भर
एकाच उंचीवरून पाण्याचे थेंब पाडत राहिलं की पान मिटेनासं होतं. 'दमलं' असं मुलं म्हणतात. लगेच मान्य करू नका, बोट लावून बघा. मिटलं तर ते दमलेलं नव्हतं, थेंबाला सरावलं होतं. ही दुसरी चाचणी गाळली तर प्रयोगाला अर्थ नाही.

प्रकाशाकडे वाकणं
मुगापेक्षा गहू बरा. अंधारात वाढवलेले २ सेंमीचे कोंब घ्या. एकाच्या शेंड्यावर फॉइलची टोपी, दुसऱ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची, तिसरा उघडा. खोक्याला एकाच बाजूने भोक. काही तासांत फॉइलवाला सोडून बाकीचे वाकतात. पारदर्शक टोपी हवीच, नाहीतर 'वजनामुळे वाकला नाही' ही शंका उरते. डार्विन पितापुत्रांनी १८८० मध्ये गवताच्या कोंबांवर हेच दाखवलं होतं. फसतं ते बहुधा झाकणाच्या फटीमुळे. काळी चिकटपट्टी लावा.

गुडघ्याचा झटका
पाय लोंबता हवा, टाच टेकलेली नको. वाटीच्या जरा खाली, कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यावर) ठोका. मूल पायाकडेच बघत असेल तर नकळत स्नायू ताठ करतं. म्हणून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि त्याच क्षणी ठोका.

ड्रॉसेरा
ही किडे खाणारी वनस्पती कासच्या पठारावर दिसली तर बोट लावू नका, पायवाटेवरून भिंगाने बघा. चिकट केसांवर किडा अडकला असेल तर आजूबाजूचे केस त्याच्याकडे झुकलेले दिसतात.